डेव्हर्सला दिला! हंगामाच्या मधोमध घरचा खेळाडू सोडणं कधी पटतं? (बॉस्टन रेड सॉक्स)

केनमोरकर | १५ जून २०२५, रात्री ११:४०

आज दुपारी आम्ही फेनवेवर, म्हणजे रेड सॉक्सच्या मैदानावर होतो. फादर्स डे, समोर न्यूयॉर्कचे यँकीज, आणि मालिकेतला तिसरा सामनाही आपण २-० असा घेतला. आपला पिचर (चेंडू टाकणारा) ब्रायन बेयोनं सात इनिंगमध्ये एकही धाव दिली नाही. पाचव्या इनिंगला रफाएल डेव्हर्सनं त्यांच्या मॅक्स फ्रीडला होमरन मारला (चेंडू थेट मैदानाबाहेर) तेव्हा माझी बारा वर्षांची लेक ११ नंबरचा शर्ट घालून खुर्चीवर चढून ओरडत होती. संध्याकाळी घरी आलो, आईनं पिठलं-भात वाढला, पहिला घास घेतो न घेतो तोच फोन थरथरायला लागला. डेव्हर्सला सॅन फ्रान्सिस्को जायंट्सला दिलं. संघ सिएटलला निघायला विमानात बसला होता, तिथून त्याला उतरवून घेतलं.

बदल्यात चार जण आले. जॉर्डन हिक्स आणि काइल हॅरिसन हे पिचर, जेम्स टिब्स हा गेल्या वर्षी पहिल्या फेरीत निवडलेला पोरगा, आणि होजे बेयो नावाचा अगदी खालच्या लीगमधला पिचर. डेव्हर्सच्या कराराचे उरलेले २५ कोटींहून जास्त डॉलर आता जायंट्स भरणार.

जे बेसबॉल बघत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. इथं खेळाडूचा करार संघाच्या हातात असतो आणि संघ तो उचलून दुसऱ्या संघाला देऊ शकतो. खेळाडूला विचारायची गरज नसते. करारातच तसं कलम असेल, किंवा मेजर लीगमध्ये दहा वर्षं आणि त्यातली शेवटची पाच एकाच संघात झाली असतील, तरच त्याला 'नाही' म्हणता येतं. डेव्हर्सची अजून आठसुद्धा पुरी झाली नव्हती. जुलैअखेरपर्यंत अशी देवाणघेवाण चालते, मग दारं बंद.

हा पोरगा सोळाव्या वर्षी डॉमिनिकन रिपब्लिकमधून आपल्याकडे आला. विसाव्या वर्षी यँकी स्टेडियममध्ये त्यांच्या अरोल्डिस चॅपमनला होमरन मारला. २०१८ च्या विजेत्या संघातला आपल्याकडे उरलेला तो शेवटचा. २०२३ च्या जानेवारीत १० वर्षांसाठी ३१ कोटी ३५ लाख डॉलरचा करार झाला तेव्हा वाटलं होतं, निदान हा एक तरी इथंच म्हातारा होईल.

आई उन्हाळ्यापुरती सांगलीहून आली आहे. रोज रात्री तिची मालिका संपली की माझ्याशेजारी बसून सामना बघते. डेव्हर्सला ती 'गालवाला' म्हणते. संघात त्याला 'कारीता' म्हणायचे, म्हणजे बाळमुखी. बातमी सांगितल्यावर ती एवढंच म्हणाली, "घरच्या पोराला असं पानावरून उठवतात का रे?"

मला या धाग्यावर तेच बोलायचं आहे. खेळाडू सोडायलाच नको, असं माझं म्हणणं नाही. पण सोडल्यावर त्याच्या जागी उद्या मैदानात कोण उभा राहणार, याचं उत्तर संघानं द्यायला हवं. आज ते उत्तर मला सापडत नाही.

---

अनुराधा_म | १६ जून २०२५, सकाळी ७:१५

केनमोरकर, रात्रभर मलाही झोप लागली नाही. तुझ्या लेकीला माझ्याकडून जवळ घे.

मी १९८५ मध्ये इथं आले. पुढच्याच वर्षी ८६ च्या वर्ल्ड सिरीजची, म्हणजे अंतिम मालिकेची, सहावी मॅच पाहिली, हातात आलेली घालवलेली, त्यावर आज बोलत नाही. हंगामाच्या मधोमध माणूस देणं म्हणजे काय असतं ते पहिल्यांदा कळलं १९९० च्या ऑगस्टमध्ये. शर्यतीत होतो, बुलपेनमध्ये (सामन्यात मागाहून येणाऱ्या पिचरांत) माणूस कमी होता, म्हणून ह्यूस्टनकडून लॅरी अँडरसन घेतला आणि आपल्या कनेटिकटच्या मायनर लीग संघात खेळणारा जेफ बॅगवेल दिला. अँडरसननं आपल्यासाठी नियमित हंगामात २२ इनिंग टाकल्या आणि हंगाम संपल्यावर गेला. बॅगवेल ह्यूस्टनसाठी ४४९ होमरन मारून हॉल ऑफ फेममध्ये जाऊन बसला. लहानपणापासून रेड सॉक्सचाच चाहता होता तो, म्हणून जास्त लागतं.

पण दुसरी गोष्टही सांगायला हवी. ३१ जुलै २००४. नोमार गार्सियापारा. त्या वेळी बॉस्टनमध्ये नोमार म्हणजे काय होतं हे आताच्या मुलांना सांगून कळणार नाही. ९९ आणि २००० अशी लागोपाठ दोन वर्षं फलंदाजीत लीगमध्ये पहिला. बॅटिंगला उभा राहिला की हातमोज्यांचे पट्टे ओढायचा, एक डावा, एक उजवा, पुन्हा डावा, आणि पायाची बोटं आळीपाळीनं जमिनीवर आपटायचा. आमच्या गल्लीतली सगळी पोरं काठी हातात आली की आधी तेच करायची. माझा मुलगा शाळेच्या बसची वाट बघतानासुद्धा मनगटं ओढत उभा असायचा.

त्याला त्या दिवशी शिकागोला दिला. मिळाले ऑर्लँडो कब्रेरा आणि डग मिंटकेविच. दोघंही मुख्यतः क्षेत्ररक्षणासाठी घेतलेले. मी त्या रात्री स्वयंपाकघरात भांडी घासताना रडले, हे आज पहिल्यांदा लिहिते आहे. थिओ एपस्टीन तेव्हा जेमतेम तिशीचा. म्हटलं, या पोराला काय कळतं?

त्या दिवशी आपण ५६-४६ होतो. त्यानंतर ४२-१८. आणि त्याच दुपारी, कोणाचं फारसं लक्ष नसताना, लॉस एंजेलिसच्या डॉजर्सकडून एक पळणारा माणूस घेतला होता, डेव्ह रॉबर्ट्स. ऑक्टोबरमध्ये यँकीजविरुद्ध ०-३ अशी मागे असलेली मालिका, चौथा सामना, नववी इनिंग, समोर त्यांचा पिचर रिव्हेरा. आपला मिलर चार वाईट चेंडू मिळाल्यानं चालत पहिल्या बेसवर गेला आणि त्याच्या जागी रॉबर्ट्सला पळायला पाठवला. अख्ख्या मैदानाला माहीत होतं की हा दुसरा बेस चोरणार, म्हणजे चेंडू टाकला जात असतानाच पळून गाठणार. रिव्हेरानं तीनदा पहिल्या बेसवर चेंडू फेकून त्याला रोखायला पाहिलं. तरी त्यानं चोरला. तिथून सामना, मालिका आणि विजेतेपद आलं, विजेतेपदाविना गेलेल्या ८६ वर्षांचं ओझं उतरलं.

म्हणून मी आज डेव्हर्ससाठी हळहळते, पण निकाल देत नाही.

---

आकडेमोड | १६ जून २०२५, सकाळी ९:०२

अनुराधाताई, प्रतिसाद फार आवडला. मी इथं अप्रिय बाजू मांडणार आहे, मनापासून पटते म्हणून.

१. हिवाळ्यात ब्रेगमनला घेतलं तेव्हा डेव्हर्सला थर्ड बेस, म्हणजे मैदानातली त्याची नेहमीची जागा, सोडायला सांगितलं. करार करताना 'तू थर्ड बेसवरच खेळशील' असं सांगितलं होतं, असं त्याचं म्हणणं. ते खरं धरू. त्यात संघाची चूक आहे. पण मे महिन्यात फर्स्ट बेसवरच्या कसासचा गुडघा गेला, फर्स्ट बेस रिकामा पडला आणि डेव्हर्सला विचारलं तर त्यानं नकार दिला. घरचा पोरगा म्हणायचं तर घर अडचणीत असताना पोरानंही हात द्यायला नको का?

२. तो आज २८ वर्षांचा आहे आणि यंदा फक्त बॅटिंग करतो. करार २०३३ पर्यंत. आपल्या बोगार्ट्सला २०२२ च्या डिसेंबरमध्ये सॅन डिएगोच्या पॅड्रेसनं ११ वर्षांसाठी २८ कोटी दिले. तेव्हा आपण सगळेच चिडलो होतो. आज तो करार आपल्या डोक्यावर असता तर बरं वाटलं असतं का?

३. एका दिवसात निकाल लावू नये. २०१४ मध्ये आपला पिचर जॉन लेस्टरला ओकलंडला दिला, सेस्पेडिस आला. सगळ्यांनी बोटं मोडली. त्याच हिवाळ्यात सेस्पेडिस देऊन पोर्सेलो घेतला आणि त्यानं २०१६ मध्ये सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवला. २०२२ मध्ये कॅचर व्हास्केझला ह्यूस्टनला दिला, तेही आपण ह्यूस्टनमध्येच खेळत असताना. बदल्यात कोण आले ते तेव्हा कोणी विचारलंही नाही. त्यातला एक विल्यर अब्रेऊ. आज आपला राइट फील्डर, क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लव्ह पुरस्कार मिळवलेला.

---

केनमोरकर | १७ जून २०२५, रात्री १०:२०

आकडेमोड, पहिला मुद्दा मला मान्य आहे. फर्स्ट बेसला नाही म्हणाला ते मलाही खटकलं. लेकीलाही तेव्हा सांगितलं होतं की आपल्या शाळेच्या संघात तू असं करायचं नाहीस.

पण लेस्टरचं उदाहरण तू अर्धवट दिलंस. लेस्टर आपल्याच मातीत वाढलेला. २००६ मध्ये कर्करोग झाला, त्यातून उठून २००७ च्या वर्ल्ड सिरीजचा शेवटचा सामना त्यानं जिंकून दिला. बॉस्टनमध्ये राहायला मिळणार असेल तर कमी पैसे घेईन, असं तो स्वतः सांगत होता. त्याला आपण ४ वर्षांचे ७ कोटी देऊ केले. शिकागोच्या कब्जनी ६ वर्षांचे साडेपंधरा कोटी दिले आणि २०१६ मध्ये त्याच्यासह कब्जनी १०८ वर्षांचा दुष्काळ संपवला. आपण काय केलं? लेस्टर गेल्यावर वर्षभरानं बाहेरच्या पिचरला, डेव्हिड प्राइसला ७ वर्षांचे २१ कोटी ७० लाख दिले. म्हणजे पैसे होते. घरच्याला द्यायचे नव्हते.

आणि त्याच प्राइसचा पगार डोईजड झाला म्हणून २०२० च्या फेब्रुवारीत त्याच्या गळ्यात मूकी बेट्सला बांधून दोघांना लॉस एंजेलिसला पाठवलं!

मूकीबद्दल मी शांतपणे लिहू शकत नाही, तरी प्रयत्न करतो. पाचव्या फेरीत निवडलेला, बुटका, सेकंड बेसवरचा पोरगा. त्याला राइट फील्डला नेलं, तर चार वर्षांत लीगमधला सर्वोत्तम झाला. २०१८ मध्ये एमव्हीपी (हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू) आणि विजेतेपद एकाच वर्षी. १०८ सामने जिंकलो होतो आपण. दोन वर्षांत तो नाही. कारण काय, तर सलग दोन वर्षं लीगनं आखलेली पगारखर्चाची रेषा ओलांडली होती आणि तिसऱ्या वर्षी वरच्या खर्चावरच्या दंडाचा, लक्झरी टॅक्सचा, दर ५० टक्क्यांवर जाणार होता. २०२० ची ती रेषा २० कोटी ८० लाखांची. तिच्या खाली येण्यासाठी आपल्या पिढीतला सर्वोत्तम खेळाडू दिला. मिळाले व्हर्डुगो, जिटर डाउन्स आणि कॉनर वोंग. त्याच जुलैत डॉजर्सनी मूकीशी १२ वर्षांसाठी ३६ कोटी ५० लाखांचा करार केला आणि ऑक्टोबरमध्ये वर्ल्ड सिरीज जिंकली.

लेक तेव्हा सात वर्षांची होती. ५० नंबरचा तिचा शर्ट मी कपाटात वरच्या खणात ठेवला, पुन्हा काढला नाही. पाठीवरचं 'बेट्स' हे नाव धुऊन धुऊन आधीच तडकलेलं होतं. मग ११ नंबरचा घेतला. परवा रात्री झोपताना तिनं विचारलं, "बाबा, आता कोणाचा घ्यायचा?" मी म्हटलं, बिननावाचा घेऊ.

अनुराधाताईंच्या गोष्टीत आणि या दोन गोष्टींत मला फरक दिसतो तो हा. नोमार दिला तेव्हा दुसऱ्या दिवशी कब्रेरा त्याच्या जागी शॉर्टस्टॉपला उभा होता. त्याच वर्षी जिंकायला म्हणून दिला होता तो. १९९७ मध्ये पिचर स्लोकम देऊन लो आणि व्हॅरिटेक हे नवखे घेतले, ते भविष्यासाठी, तेही ठीक, कारण स्लोकम काही मूकी नव्हता. आज आलेल्यांपैकी हिक्स दुखापतीच्या यादीत, हॅरिसन वूस्टरला मायनर लीगमध्ये. सिएटलला पहिल्या रात्री कोणीच नाही.

---

गोदातीर | १८ जून २०२५, दुपारी २:३० (नाशिक)

मी क्रिकेटवाला. बेसबॉलचं ओ की ठो कळत नाही, पण धागा एका बैठकीत वाचला.

आमच्याकडे जवळचं उदाहरण म्हणजे हार्दिक पांड्या. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये गुजरातकडून मुंबईत परत आणला, रोहितचं कर्णधारपद काढून त्याला दिलं आणि पुढच्या आयपीएलला वानखेडेवर मुंबईच्याच लोकांनी त्याची हुर्यो उडवली. आपल्याच मैदानात आपल्याच माणसाला तसं केलेलं मला अजिबात आवडलं नव्हतं. याच एप्रिलमध्ये यशस्वी जयस्वालनं मुंबई सोडून गोव्याकडून खेळायची परवानगी मागितली आणि मे महिन्यात अर्ज मागे घेतला. पण तिथं निर्णय त्याचा होता. खेळाडूला न विचारता विमानातून उतरवायचं, हे मला पचत नाही. त्यांची मुलंबाळं, शाळा, भाड्याचं घर, याचं काय होतं?

---

शिकागोकर | १८ जून २०२५, सकाळी ८:१०

गोदातीर, तेच होतं. नवीन संघात तातडीनं हजर व्हायचं, सामान बायको आवरते.

आमच्याकडे २०२१ च्या जुलैअखेरीस दोन दिवसांत रिझो, बायेझ आणि ब्रायंट असे तिघंही दिले. २०१६ चा विजेता संघच मोडला. आपण कुठे चाललोय हे कळलं तेव्हा ब्रायंट डोळे पुसत होता, ते कॅमेऱ्यात आलं. मी ते चित्र विसरू शकत नाही. मात्र हेही सांगतो, की २०१६ च्या जुलैत आम्ही ग्लेबर टोरेससारखा गुणी पोरगा देऊन यँकीजकडून अरोल्डिस चॅपमनला घेतलं होतं आणि तो नसता तर ते विजेतेपद आलं नसतं असं मला वाटतं. टोरेस यँकीजकडे जाऊन ऑलस्टार (हंगामातल्या निवडक खेळाडूंपैकी) झाला. तरी १०० वेळा विचारलंत तरी मी तो सौदा पुन्हा करीन. जिंकायचं वर्ष समोर असेल तर उद्याचं पीक आज द्यावं लागतं.

---

मीरा_डीसी | ७ जुलै २०२५, रात्री ९:४५

उशिरा आले धाग्यावर. काल आमच्या वॉशिंग्टन नॅशनल्सनी मॅनेजर डेव्ही मार्टिनेझ आणि सगळे सौदे करणारे माइक रिझो या दोघांनाही काढलं, म्हणून लिहावंसं वाटलं.

हुआन सोटो. २ ऑगस्ट २०२२. त्याला १५ वर्षांचे ४४ कोटी देऊ केले होते, तो नाही म्हणाला. मग २३ वर्षांच्या त्या पोराला पॅड्रेसकडे पाठवलं. गेल्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या मेट्सनी त्याच १५ वर्षांचे ७६ कोटी ५० लाख दिले, म्हणजे त्याचा हिशेब बरोबर होता. बदल्यात आम्हाला मिळाले एब्रम्स, गोर, जेम्स वूड आणि आणखी तिघं. आकडेमोड म्हणतात तसं थांबून पाहिलं तर सौदा उत्तम ठरला. एब्रम्स गेल्या वर्षी ऑलस्टार झाला. वूड आणि गोर यंदा ऑलस्टार आहेत. वूड चेंडू मारतो तेव्हा बॅटचा आवाजच वेगळा येतो, मैदानात शेजारी बसलेल्या अनोळखी माणसांकडे आपोआप बघितलं जातं.

आणि तरी आम्ही तळाला आहोत. कारण सोटो गेल्यावर जे पैसे वाचले ते या तीन पोरांच्या आजूबाजूला चांगली माणसं उभी करण्यात घातले नाहीत. केनमोरकर, तुम्ही म्हणता, उद्या मैदानात कोण उभा राहणार ते बघा. मी म्हणेन, तीन वर्षांनी त्यांच्या शेजारी कोण उभा आहे तेही बघा. एकट्या वूडनं काय होणार?

---

ईस्टबेचा_राजू | ७ जुलै २०२५, रात्री ११:३०

मीराताई, तुमचा संघ निदान तुमच्या गावात आहे.

आम्ही ओकलंडवाले, आमचा संघ गावच सोडून गेला. मॅट चॅपमन, ओल्सन, मर्फी, सेमियन, एकेक करून सगळे गेले. दर वेळी सांगितलं गेलं की नवीन मैदान झालं की खर्च करू. १३ जून २०२३ ला आम्ही २७ हजारांहून जास्त लोक मुद्दाम कोलिसियममध्ये गेलो, 'सेल' लिहिलेले हिरवे शर्ट घालून, मालकानं संघ विकावा म्हणून. बार्ट रेल्वेच्या पुलावरून मैदानाकडे चालताना त्या दिवशी जो आवाज होता तो मी आयुष्यात पुन्हा ऐकणार नाही. २६ सप्टेंबर २०२४ ला शेवटचा सामना झाला. टेक्ससला ३-२ हरवलं. लोक मैदानावरची माती घरी घेऊन गेले. माझ्याकडे आहे थोडी, लोणच्याच्या रिकाम्या बरणीत, देवघराशेजारच्या फडताळात.

खेळाडू सोडायची सवय लागलेला मालक एक दिवस गावही सोडतो. बॉस्टनमध्ये तसं होणार नाही, फेनवे कुठं जाणार? पण सवय तीच.

---

केनमोरकर | ८ जुलै २०२५, सकाळी ६:५०

राजू, काय लिहू. नुसता वाचत बसलो.

---

आकडेमोड | १४ जुलै २०२५, सकाळी १०:००

सलग १० विजय. डेव्हर्सविना. एवढंच नोंदवतो. अब्रेऊनं ३० जूनला एकाच सामन्यात इनसाइड-द-पार्क होमरन (चेंडू मैदानातच, पळून पुरा केलेला) आणि ग्रँड स्लॅम (तिन्ही बेसवर माणसं असताना होमरन) मारला, तोही व्हास्केझच्या बदल्यात आलेला. आणि आपल्या तरुण रोमन अँथनीला रोज खेळायला जागा मिळाली ती कशामुळे, याचाही विचार व्हावा.

---

केनमोरकर | १४ जुलै २०२५, रात्री ९:३०

दहाही सामने पाहिले, आई आणि मी. आनंदानं झोप येत नव्हती. अँथनीचं तुझं म्हणणं बरोबर आहे, ती जागा डेव्हर्स गेल्यानं मोकळी झाली. माझ्या कसोटीत एवढी सुधारणा करतो: जागा बाहेरून आलेल्यानंच भरली पाहिजे असं नाही, घरातला दुसरा पोरगा उभा राहिला तरी चालेल.

पण मग पैसे? ते आता ३१ जुलैला दिसले पाहिजेत. २०१८ मध्ये असंच जूनमध्ये स्टीव्ह पीअर्स घेतला, जुलैत बीक्स नावाचा तरुण पिचर देऊन इओवाल्डी घेतला. वर्ल्ड सिरीजच्या तिसऱ्या सामन्यात, १८ इनिंग चाललेल्या, इओवाल्डीनं बुलपेनमधून येऊन ९७ चेंडू टाकले. हरला, पण त्यानंतर संघ जो उठला तो विजेतेपद घेऊनच बसला. आणि वर्ल्ड सिरीजचा एमव्हीपी कोण? पीअर्स. एक चांगला पिचर आणि एक फर्स्ट बेसमन, एवढंच मागतोय मी.

---

केनमोरकर | ३१ जुलै २०२५, संध्याकाळी ६:४०

सहा वाजले, दारं बंद. सेंट लुइसकडून स्टीव्हन मॅट्झ, डॉजर्सकडून डस्टिन मे, दोघंही पिचर. फर्स्ट बेसमन नाही. आणि डस्टिन मेच्या बदल्यात काय दिलं पाहिलंत का? जेम्स टिब्स! डेव्हर्सच्या बदल्यात आलेला टिब्स, दीड महिन्यात पुढे पाठवला.

२५ कोटी मोकळे झाले, संघ शर्यतीत आहे, तरुण पोरं जिवाचं रान करतायत, आणि आपण बाजारातून पिशवी अर्धी रिकामी घेऊन आलो.

---

अनुराधा_म | ३१ जुलै २०२५, रात्री ८:०५

हे मात्र मलाही पटलं नाही. २००४ च्या ३१ जुलैला दुःख मोठं होतं, पण हातात काहीतरी होतं.

---

आकडेमोड | ३ ऑक्टोबर २०२५, सकाळी ८:२०

धागा वर काढतोय.

८९-७३, चार वर्षांनी प्लेऑफमध्ये (हंगामानंतरच्या बाद फेरीत) आलो. पहिल्या सामन्यात आपल्या क्रोशेनं यँकीजना पावणेआठ इनिंग रोखून धरलं, ११ जणांना बाद केलं, ३-१ जिंकलो. मग ३-४ हरलो, आणि काल ०-४, खेळ संपला. कालच्या त्यांच्या श्लिटलरनं आठ इनिंगमध्ये १२ जणांना बाद केलं, आणि तो पोरगा मूळचा मॅसॅच्युसेट्सचाच, वॉलपोलचा.

केनमोरकर, मी जूनमध्ये जे लिहिलं त्यातला एक भाग मागे घेतो. डेव्हर्स देणं मला आजही चूक वाटत नाही. जायंट्सचा हंगाम ८१-८१ वर संपला. मात्र जिथं त्यानं आपल्याला नाही म्हटलं त्याच फर्स्ट बेसवर तो तिथं खेळला, म्हणजे प्रश्न जागेचा नव्हता, विश्वासाचा होता आणि तो आपण गमावला होता. आणि जुलैमध्ये हात आखडला ही चूकच. काल नऊ इनिंगमध्ये एक धाव निघाली नाही, अँथनी दुखापतीमुळे बाहेर, डस्टिन मे सप्टेंबरमध्येच कोपर धरून बसला. एक खणखणीत बॅट हवी होती.

---

केनमोरकर | ३ ऑक्टोबर २०२५, रात्री १०:५५

धन्यवाद, आकडेमोड. असं लिहायला मन मोठं लागतं.

माझंही एक सांगतो. ऑगस्टमध्ये अँथनीशी ८ वर्षांचा १३ कोटींचा करार झाला त्या दिवशी लेक विचारत होती, आता नावाचा शर्ट घेऊ का. मी थांब म्हणालो. हे माझ्या तोंडून गेलं याचं मलाच फार वाईट वाटलं. बारा वर्षांच्या पोरीला मी जीव लावायला थांबवतोय. दुसऱ्या दिवशी जाऊन घेऊन आलो. १९ नंबर.

---

केनमोरकर | २ नोव्हेंबर २०२५, रात्री १:३०

वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना आत्ता संपला. टोरँटोत, अकराव्या इनिंगमध्ये, डॉजर्स ५-४. आई ऑगस्टअखेरीस सांगलीला परत गेली. तिथं सकाळचे पावणेदहा वाजले होते, व्हिडिओ कॉल लावून फोन टीव्हीसमोर धरला. ती पोळ्या लाटता लाटता बघत होती.

शेवटचा चेंडू शॉर्टस्टॉपकडे गेला. राइट फील्ड सोडून तिथं उभा राहिलेला मूकी. त्यानं चेंडू उचलला, स्वतःच सेकंड बेसवर पाय दिला आणि फर्स्टला फ्रीमनकडे फेकला. डबल प्ले, सामना खलास. त्याचं चौथं विजेतेपद, त्यातलं एक आपलं. मग डगआउटमधून मॅनेजर पळत आला, डेव्ह रॉबर्ट्स. अनुराधाताई, तुमचा तोच, नोमारच्या दिवशी दुपारी घेतलेला.

लेक सोफ्यावर माझ्या मांडीवर डोकं टाकून जागी होती, काही बोलली नाही. आईनं लाटणं खाली ठेवलं.

"आपण दिलेला तो हाच ना रे?"

"हो."

"आणि त्याच्या बदल्यात तिघं आले होते म्हणालास ते?"

मी बोटांवर मोजलं. डाउन्सला वॉशिंग्टननं उचललं. व्हर्डुगोला आपणच यँकीजला दिलं, त्याचे दोन पिचर आहेत अजून. राहिला वोंग, कॅचर.

"खेळतो का तो?"

"खेळतो की आई. कधी कधी."